जिन्याचा तुकडा

१

भीती घालण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. खरं म्हणाल तर माझ्या गोष्टीला आजवर एकच माणूस घाबरला, आणि तो मीच. सांगता सांगता दिवे गेले होते. तेव्हा या गोष्टीकडून फार अपेक्षा ठेवू नका. हिच्यात भूत नाही. एक मामा आहे, एक भाची आहे आणि एक अस्वल आहे, तेही खोटं.

मामा हा त्या अस्वलाचा आतला माणूस. म्हणजे कातडं पांघरून नाचणारा नव्हे, ते दिवस गेले. लहान मुलांच्या एका मालिकेत ढोल्या नावाचं चितारलेलं अस्वल होतं. चितारलेलं अस्वल आपण होऊन कसं हलणार? म्हणून मामाला अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख चढवायचे, सांध्यासांध्यावर चमकत्या गोळ्या लावायचे आणि काळे पडदे सोडलेल्या खोलीत सोडून द्यायचे. भिंतीवरचे कॅमेरे त्या गोळ्यांवर नजर ठेवून असत. मामा वाकला की अस्वल वाकायचं, मामा लंगडला की अस्वल लंगडायचं. साठी उलटलेल्या माणसाला याहून मानाचं काम मिळत नाही, असं मामा म्हणायचा. मग लगेच म्हणायचा, "आणि याहून कमी कपड्यातलंही."

भाचीचं काम शेजारच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यासमोर. मामाचा गुडघा म्हणजे तिच्या लेखी एक रेघ, मनगट म्हणजे दुसरी, मान म्हणजे तिसरी. या रेघांना तिथं ट्रॅक म्हणत. वरखाली होत ते डावीकडून उजवीकडे जायचे, सकाळ संध्याकाळकडे जाते तसे. त्यातला नेमका एक तुकडा धरायचा, इथपासून इथपर्यंत, आणि तेवढ्या वेळात मामानं जे काही करून ठेवलंय ते निस्तरायचं: थरथर असेल तर घोटून सपाट करायची, रेंगाळला असेल तर ओढून घ्यायचं, नको ते कापायचं, हवं ते दुसरीकडून आणून चिकटवायचं. मागचंपुढचं जग जसंच्या तसं. फक्त जोडाच्या दोन्ही कडा एकमेकींत मुरवाव्या लागत. नाहीतर तिथं अस्वलाला झटका बसायचा. पाय वर असायचा तो एकदम खाली दिसायचा, मधलं काही घडलेलंच नाही. भाचीच्या कामात असा झटका कुणाला सापडला नव्हता. म्हणून तिला सगळे शिंपीणबाई म्हणत.

आणखी एक बटण होतं, त्याचं नाव 'फिरव'. प्रत्येक भागाच्या शेवटी नावं सरकतात तेव्हा अस्वल मागं नुसतं उभं राहून श्वास घेताना दिसायचं. तेवढ्यासाठी मामाला तासभर उभं करून कोण ठेवणार? भाची त्याच्या श्वासाचा एक तुकडा धरायची आणि 'फिरव' दाबायची. मग यंत्र दोन कामं एकदम करायचं: तो तुकडा नावांच्या मागं फिरवत ठेवायचं, आणि मूळ ट्रॅक जिथं संपतात तिथून पुढंही तोच फिरवत राहायचं. मामानं एकदा घेतलेल्या श्वासावर ते अस्वल वर्षभर जगलं.

मामाला या सगळ्याची चेष्टा. काम ऐन रंगात आलं की तो मुद्दाम पाठ खाजवायचा.

"माझ्या खाजेवर तुझी चूल पेटते, विसरू नकोस," म्हणायचा.

"आणि माझ्या कात्रीवर तुझी अब्रू टिकते, मामा, हे तू विसरू नकोस."

एक सांगायचं राहिलं. ट्रॅक असायचे ते फक्त सांध्यांचे. आवाजाचा नसायचा. अस्वलाला आवाज दुसऱ्याच एका जाड्या गृहस्थाचा होता, कारण मामाचा आवाज अस्वलाला नाही, बकरीला शोभला असता.

२

आईबाप गेल्यावर भाचीला मामानं वाढवलं. शेजारीपाजारी म्हणायचे, तिनंच मामाला वाढवलं. दोघं एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. जिना लाकडी. शेवटच्या वळणावरची एक पायरी मधोमध चिरलेली. तिच्यावर पाय पडू नये म्हणून मामा तिथं आला की कठड्याला हात लावून थांबायचा, दम घ्यायचा आणि उजवा पाय बगळ्यासारखा उंच उचलून पलीकडच्या पायरीवर टाकायचा. आत बसलेल्या भाचीला नुसत्या आवाजावरून कळायचं. ठप्, ठप्, ठप्. मग काहीच नाही. मग एक दणदणीत ठप्प. मामा आला.

"ती पायरी एक दिवस तुला घेऊन जाईल बघ," भाची म्हणायची.

"पायरी कुठं जाते? ती बिचारी आहे तिथंच असते. जातात ती माणसं."

मामाच्या चेष्टेला एक नियम होता: आधी हसायचं ते समोरच्यानं. तोवर मामा मागं हटायचा नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी भाची बाजारातून आली तर मामा दाराआड भिंतीला टेकून उभा, डोळे उघडे, जबडा लोंबलेला. तिनं हाका मारल्या, हलवलं, पाणी मारलं. पाणी नाकावरून ओघळलं, पापणी लवली नाही. ती रडायला लागली तरी तो तसाच. शेवटी रडता रडता तिला त्या लोंबत्या जबड्याचं हसू आलं, तेव्हा कुठं जबडा मिटला आणि म्हणाला, "चहा टाक. पाय भरून आले."

हे शिकवून येत नाही. जित्याची खोड असते ती.

३

एका सोमवारी सकाळी भाचीनं शेवटच्या भागाचं काम उघडलं. अस्वल मुलांना हात हलवून निरोप देतं, एवढंच होतं त्यात. मामानं शनिवारी ते केलं होतं आणि निरोप देता देता नको तिथं खाजवलं होतं. भाचीनं तुकडा धरला, खाज काढली, कडा मुरवल्या आणि शेवट बघावा म्हणून पुढं सरकली.

शेवट नव्हता.

एरवी कॅमेरे चालवणाऱ्या यंत्रवाल्यानं 'कट' म्हटलं की रेघा तिथंच तुटायच्या, दोरी कापल्यासारख्या. या चालल्या होत्या. यंत्रवाला बटण बंद करायला विसरला असेल, भाचीच्या मनात आलं. तिनं चालवून बघितलं. तिच्या पडद्यावर अस्वल नसायचं, नुसता काड्यांचा माणूस असायचा. कातडं नंतर दुसरेच लोक चढवत. काड्यांच्या माणसानं एक बाही उतरवली, मग दुसरी, मग एका पायावर नाचत पोशाखातून पाय काढला. तसा नाचायचा तो मामाच.

पण गोळ्या होत्या त्या पोशाखाला. पोशाख उतरला की कॅमेऱ्यांच्या लेखी मामा या जगात नाही. भाचीनं मान वळवून बघितलं. उघड्या दारातून तो पोशाख खुंटीवर दिसत होता, गुडघ्याशी फुगलेला, रिकामा. तिनं परत पडद्याकडे बघितलं. काड्यांचा माणूस जिना चढत होता. एके जागी थांबला. त्याच्या खांद्यांनी दम घेतला. मग त्यानं उजवा पाय बगळ्यासारखा उंच उचलला.

भाची उठून यंत्रवाल्याकडे गेली. तो डबा खात होता.

"तुम्ही आणि मामानं मिळून काही केलंय का?"

"तुझ्या मामाबरोबर मी आयुष्यात एकदाच काही केलं. तेव्हा माझी खुर्ची मोडली. त्यानंतर नाही."

"यंत्र आपल्या मनानं रेघा ओढतं का?"

"ओढतं की. एखादी गोळी दिसेनाशी झाली की अंदाजानं ठोकून देतं. त्यालाही 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटते."

झालं समाधान. अंदाज. भाची जागेवर येऊन बसली. अंदाज होता तर त्याला त्यांच्या घरची चिरलेली पायरी कशी ठाऊक, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

४

तरी तिनं थोडं पुढं चालवलंच. रेघांखालच्या पट्टीवर वेळ दिसायची, तिच्याप्रमाणे ती आजची, सोमवारची संध्याकाळ होती, म्हणजे अजून व्हायची होती. काड्यांचा माणूस वाकला, डावा हात पुढं केला, झटकन मागं घेतला, बोटं झाडली, तोंडात घातली आणि मग सदऱ्याला पुसावीत तशी उजव्या कुशीला पुसली.

संध्याकाळी घरी भाची पाव कापत होती. मामा शेगडी पेटवत होता.

"आई गं!"

तिनं वर बघायच्या आधी तिला माहीत होतं, काय दिसणार. बोटं झाडली. तोंडात घातली.

चटका बसला की जगातला प्रत्येक माणूस हेच करतो, भाचीनं स्वतःला बजावलं. तेवढ्यात मामानं ती बोटं उजव्या कुशीला पुसली.

"बघतेस काय अशी? मला काय पहिल्यांदाच भाजलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या बायकांची मला फार भीती वाटते," मामा म्हणाला आणि पावाचा टोकाचा तुकडा पळवून गेला.

मंगळवारी भाची पुन्हा त्या रेघांपाशी. डाव्या मनगटाचा ट्रॅक बारीक दातेरी दिसत होता, करवतीसारखा. तिचा हात सवयीचा गुलाम. असली थरथर दिसली की मेंदूला न विचारता तो कामाला लागायचा. तिनं तिथून पुढचा लांबलचक तुकडा धरला आणि घोटून सपाट केला. केल्यावर तिच्या ध्यानात आलं की ही थरथर यंत्राची नव्हे, म्हाताऱ्या हाताची होती. आणि धरलेला तुकडा आज संध्याकाळपासून पुढचा होता.

त्या घरात संध्याकाळचा एक ठरलेला आवाज होता. मामा खिडकीपाशी बसून चहा प्यायचा आणि कप बशीत ठेवताना दोन्ही एकमेकांवर किणकिणायचे, दात वाजावेत तसे. भाची आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मामा खिडकीशी बसला, कसल्याशा स्वतःच्याच विनोदावर खांदे गदगदवत हसला, चहा संपला. बशी वाजली नाही.

ती बाहेर आली.

"नवी गोळी लागू पडली गं," मामा म्हणाला. डॉक्टरांनी गोळी बदलली होती, हे खरंच होतं. तो आपला डावा हात समोर धरून उलटसुलट बघत होता. "पण एक सांगू? माझा वाटत नाही. कुणाचातरी आणून बसवल्यासारखा वाटतो."

भाचीनं गोळीवर विश्वास ठेवला. तिच्या हाताशी दुसरं काही ठेवण्याजोगं नव्हतंच.

५

बुधवारी तिनं मधलं काही न बघता थेट टोक गाठलं.

ट्रॅक खरंच संपत होते. पट्टीवर गुरुवारची दुपार होती. काड्यांचा माणूस जिना चढत होता, पण नेहमीसारखा नाही. डावं कोपर बरगड्यांना घट्ट दाबलेलं, अंग त्या बाजूला किंचित कललेलं. वळणावर तो थांबला. दम घेतला. मान वळवून वर बघितलं. उजवा पाय उंच उचलला.

तिथं सगळ्या रेघा एकदम तुटल्या. तो पडला नाही, बसला नाही. पाय हवेत, आणि पुढं कोरी पट्टी.

हे पुन्हा पुन्हा बघता यावं म्हणून भाचीनं तेवढा तुकडा धरला आणि त्याला कुलूप लावलं. तशी सोय होती. कुलूप लावलं की दुसरीकडे कितीही शोधाशोध करा, यंत्र तोच तुकडा धरून बसायचं. नंतर ते आठवणीनं काढावं लागे. नव्या पोरी विसरायच्या आणि भाचीची बोलणी खायच्या.

तिनं स्वतःचं कोपर बरगड्यांना दाबून बघितलं. डावी बाजू. डाव्या बाजूला माणूस कधी हात दाबतो, हे कुणीही सांगेल.

मग ती खूप समजूतदारपणे विचार करत बसली. ट्रॅक संपला म्हणजे चित्रण संपलं, माणूस नव्हे. आजवर कितीतरी ट्रॅक संपले, तरी दर वेळी मामा घरी येऊन जेवला होता. चटका योगायोग, हात गोळीचा गुण. एकेक विचार खणखणीत होता. फक्त सगळे एकत्र बांधायला गेलं की मोट सुटत होती. तिच्याबरोबर हसणारं, तिच्यावर हसणारं, तिच्या तोंडचा पाव पळवणारं त्या घरात एकच माणूस होतं. तेवढं असतं तोवर त्याचा वैताग येतो.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या घराबाहेर पडू नकोस, मामा."

"का? उद्या राजाची वरात आहे?"

"मी सांगते म्हणून. जिना चढू-उतरू नकोस. ती पायरी..."

"पायरी, पायरी! पायरीनं तुझं डोकं खाल्लंय. उद्या लग्न करशील तिच्याशी."

एरवी तिनं उलट उत्तर दिलं असतं. या वेळी तिचे डोळे भरले. मामानं तिच्याकडे बघितलं आणि पुढची कोटी, जी त्याच्या ओठांवर तयार होती, ती गिळली. हे त्याला फार क्वचित जमायचं.

"बरं बाई. बरं. करतो काहीतरी त्या पायरीचं."

भाचीनं त्यातलं 'बरं' तेवढं ऐकलं.

६

गुरुवारी सकाळी शेवटचा भाग जायचा होता. मालकांना सगळे घाईसाहेब म्हणत. ते जिन्यानं कधी उतरले नाहीत, ओघळायचे. भाचीच्या पाठीशी उभे राहून ते किल्ल्यांचा जुडगा वाजवत होते.

"शिंपीणबाई, अस्वल कुठवर आलं?"

"झालंच. शेवटचा श्वास लावते."

"लावा लावा. लावा हो."

रात्री अंथरुणात तिनं ठरवलं होतं. ट्रॅक संपत असेल तर पुढं ट्रॅक जोडायचा. यात विचित्र काही नव्हतं, रोजचंच काम होतं. आणि जोडायचा तर चांगला जोडायचा. मंगळवारच्या संध्याकाळचा तुकडा तिनं हेरून ठेवला होता: मामा खिडकीशी बसतो, खांदे गदगदवत हसतो, चहा पितो, कप ठेवतो. हे फिरत राहिलं तर कुणाचं काय बिघडतं? अस्वलही नावांच्या मागं बसून हसेल, मुलांना आवडेल. आणि खरं काही नसलं, तर नसलं.

तिनं तो तुकडा शोधला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. मागं किल्ल्या खुळखुळल्या.

"बाई, माणसं म्हातारी होतात हो इतक्या वेळात."

"कडा मुरवायच्यात अजून."

"श्वासाच्या कसल्या कडा? दाबा!"

तिनं 'फिरव' दाबलं. घाईसाहेबांनी तिच्या खांद्यावरून हात घालून फाईल पाठवून दिली आणि काम सीलबंद केलं, म्हणजे आता ते उघडायला तेही असमर्थ, असं ते अभिमानानं म्हणाले आणि ओघळले.

भाचीला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. ती जेवली. हातावर पाणी घेत असतानाच घाईसाहेबांचा फोन आला.

"शिंपीणबाई, मानलं तुम्हाला! भाग आत्ताच लागला. आमच्याकडे पोरं गडाबडा लोळतायत!"

"हसतं ना ते? खिडकीशी बसून?"

"बसतं कुठलं? चढतंय की! नावं सरकतायत आणि हे येडं न दिसणारा जिना चढतंय. थांबतंय काय, दम घेतंय काय, तो उजवा पाय उचलतंय काय! आणि पाय टेकायच्या आत परत खाली! तो झटका तर काय... मुद्दाम ठेवलात ना?"

भाचीनं पडद्याकडे बघितलं. पट्टीच्या कोपऱ्यात बारीक पिवळं कुलूप होतं. तिनं बुधवारी लावलेलं.

"साहेब, ते थांबवा."

"आता कुठलं थांबतंय? घरोघरी पोचलं ते."

७

दुपार होती, चांगली लख्ख. घरच्या इमारतीच्या छपराला काच होती, तिच्यातून ऊन थेट जिन्यात उतरलं होतं. भाची दारात आली आणि थांबली.

ठप्, ठप्, ठप्.

वरून आवाज येत होता. शेवटच्या वळणावरून. मग काहीच नाही. ती दणदणीत ठप्पची वाट बघत उभी राहिली. ठप्प आला नाही.

ठप्, ठप्, ठप्.

ती चढू लागली. आपल्या पायांचा आवाज त्यात मिसळू नये म्हणून तिनं चपला खालीच सोडल्या. वळणाच्या खालच्या मजल्यावर आली तेव्हा कठड्याच्या गजांतून तिला दिसलं ते एवढंच: कठड्यावर टेकलेला हात, अजिबात न थरथरणारा. खिशातून डोकावणारी खिळ्यांची पुडी. आणि डाव्या काखेत दाबून धरलेली एक कोरी लाकडी फळी.

कोपर बरगड्यांना घट्ट. अंग फळीच्या ओझ्यानं किंचित कललेलं.

उजवा पाय उंच उचलला गेला. मग तो तिथं नव्हता. तो खाली होता, आधीच्या पायरीवर, आणि मधलं काही घडलेलंच नव्हतं.

"मामा?"

"आलो गं. हा काय, पोचलोच." आवाज नेहमीचा, बकरीचा. जराही दमलेला नाही. "फळी आणायला गेलो होतो. म्हटलं तुझ्या त्या सवतीचा एकदाचा निकाल लावावा. काल अगदी रडकुंडीला आली होतीस."

ठप्, ठप्, ठप्.

भाचीला त्याही वेळी एक विचार सुचला, आणि तो चांगला होता. हा माणूस कॅमेऱ्यांपुढं सपाट जमिनीवर जिने चढत आलाय. झटका कसा दिसतो हे त्यानं तिच्याच पडद्यावर कितीदा बघितलंय. नाकावरून पाणी ओघळू देणारा माणूस हा. तेव्हा नियम. आधी हसायचं ते समोरच्यानं.

ती हसली. आधी बळेच, मग मोठ्यानं, जिना घुमेपर्यंत.

"हसले बघ, मामा! हरले मी. थांब आता."

"मी थांबतोच म्हणतोय. पण पाय ऐकत नाहीत. आज फार मोठे झालेत ते, आपलंच खरं करतात." तो हसला. खांदे मात्र गदगदले नाहीत. "तू वर ये. फळी तरी धर, काख अवघडली."

ती दोन पायऱ्या चढली. तिथून तिला त्याची मान दिसली. ठप्, ठप्, ठप्. मान वळायची आणि वर बघायची, रिकाम्या भिंतीकडे, दर खेपेला तेवढीच. बोलणं तिच्याशी चाललं होतं, आणि तोंड तिकडे होतं. ओठ तेवढे त्याचे होते.

ती आणखी चढली नाही.

"मामा, तुझा ट्रॅक इथं संपत होता. ह्याच पायरीवर. मी बघितला. म्हणून मी पुढं जोडला," ती म्हणाली. "मी तुला वाचवलं, मामा."

वर पाय उचलला गेला, आणि खाली होता.

"कशापासून गं?"